बर्नर प्रज्वलन, औद्योगिक बॉयलरचे
औद्योगिक बॉयलरच्या भट्टीत येणारे इंधन सुरक्षितपणे पेटवणारी यंत्रणा (पहा : बाष्पित्र). पूर्वी तेलात भिजवलेल्या चिंध्यांची पेटती मशाल कामगार हाताने भट्टीत धरत. इंधन पेटण्यास उशीर झाला, तर साचलेल्या वायूचा स्फोट होई. पुढे विद्युत ठिणगीवर पेटणारी वायूची पायलट ज्योत (मुख्य इंधन पेटवणारी लहान ज्योत) आली; पण इलेक्ट्रोडवर काजळी वा तेल बसले, की ठिणगी क्षीण होते. उच्च-ऊर्जा प्रज्वलकात धारित्रात साठवलेली ऊर्जा अर्धवाहक टोकावर क्षणार्धात मोकळी होते. ही जोरकस ठिणगी टोकावरचा थर उडवून लावते आणि बारीक तुषार केलेले फर्नेस तेलही थेट पेटवते. कोळशाच्या भुकटीसाठी प्लाझ्मा प्रज्वलक वापरतात. त्यामुळे ही भुकटी पेटवण्यासाठी एरवी लागणाऱ्या तेलाची बचत होते. प्रज्वलनापूर्वी भट्टीतून हवा खेळवून उरलेले वायू बाहेर काढतात. ज्योत विझताच अतिनील संवेदकाच्या संकेतावरून इंधनझडप आपोआप बंद होते (पहा : ज्वलन).