रोगमुक्तांचा दस्तऐवज

निजामाच्या अमलाखाली पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मुलखात कागदाचे महत्त्व कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. जालना जिल्ह्यातील जुन्या घरांतून खासरा पाहणीपत्रकाची नक्कल, सातबाऱ्याचे उतारे, वाटणीपत्र आणि कोठे कोठे उर्दूतील एखादी सनद पेटीच्या तळाशी जिवापाड जपून ठेवलेली आढळते. आणि २०२३ साली अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचू शकणाऱ्या माणसांची केवढी शोधाशोध झाली, हे सर्वांनी पाहिले. परंतु त्याच घरातील एखादे मूल आठव्या-दहाव्या वर्षी कर्करोगाने अंथरुणास खिळून, दोन-अडीच वर्षांच्या उपचारांनंतर सुखरूप बरे होऊन परतले असेल, तर त्याच्या औषधोपचारांची फाईल मात्र बहुधा माळ्यावर धूळ खात पडते, किंवा ती पीडा पुन्हा दृष्टीस नको म्हणून कायमची दूर केली जाते. या विसंगतीचे मूळ शोधू गेल्यास या मुलखातील औषधपाण्याच्या इतिहासाकडेच वळावे लागते. कारण येथे जमीन ही नेहमी हक्काची बाब होती आणि दवाखाना ही, अगदी परवापरवापर्यंत, कृपेची.

शेतीवर संकट आले तर काय करावयाचे, याचा शिरस्ता निजामी काळातही ठरलेला होता. पिकाची आणेवारी लागे, ती कमी भरली की साऱ्याची तहकुबी किंवा सूट मिळण्याची आशा धरता येई, बीबियाण्यासाठी तकावी मागता येई. दरख्वास्त मंजूर होवो अथवा न होवो, ती कोणाकडे करावयाची हे पाटील-पटवाऱ्यांपासून कुळापर्यंत सर्वांना ठाऊक असे. शरीरावरील संकटासाठी असा कोणताही दरवाजा नव्हता. जालन्याच्या छावणीतील शिपायाला सरकारी वैद्य होता. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली आणि पुढे मिशनच्या रुग्णालयाने शहरातील व आसपासच्या खेड्यांतील असंख्य गोरगरिबांची शुश्रूषा केली, हे ऋण या जिल्ह्याने कृतज्ञतेनेच स्मरावे असे आहे. तथापि ती सेवा धर्मभावनेतून आलेली होती, आणि जे दयेने मिळते त्याची पावती कोणी मागत नाही. उरलेला भार कुटुंबावर पडे. आईच्या अंगावरचा डाग मोडावयाचा, बैलजोडी बाजारात न्यावयाची, भाऊबंदांत वर्गणी करावयाची, आणि शेवटी एखादा एकर सावकाराकडे गहाण टाकावयाचा, हाच काय तो या मुलखाचा आरोग्यविमा होता.

त्यातही बालकाचा कर्करोग हा असा आजार, की त्यासाठी एकर विकूनही काही साधत नसे. मेहेरबाई टाटा यांचा रक्ताच्या कर्करोगाने १९३१ साली अंत झाला, आणि टाटा विश्वस्तनिधीतून परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले. पण तेव्हाही रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलाला देण्यासारखे औषध जगात कोठेच नव्हते. १९४८ हे वर्ष या दृष्टीने मला विलक्षण वाटते. त्या वर्षीच्या जूनमध्ये बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी, अमिनोप्टेरिन या औषधाने काही बालकांचा रक्ताचा कर्करोग तात्पुरता का होईना हटला, असे प्रसिद्ध केले. ते औषध ज्यांच्या प्रयोगशाळेतून आले ते भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव ऑगस्टमध्ये निधन पावले. आणि सप्टेंबरमध्ये हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन होऊन जालन्याच्या रयतेला प्रजेऐवजी नागरिक हे नाव मिळाले. त्याच वर्षी राज्य कामगार विम्याचा कायदाही संमत झाला. औषध, नागरिकत्व आणि विमा यांचे बीज एकाच वर्षी पडले, पण या तिन्हींची एकत्र भेट जालन्याच्या एखाद्या मुलाच्या आयुष्यात घडून येण्यास अर्ध्या शतकाहून अधिक काळ जावा लागला.

१९८०च्या दशकापासून अनेक औषधांच्या एकत्रित उपचारपद्धती भारतात रुजल्या आणि रक्ताचा कर्करोग झालेली मुले मोठ्या संख्येने बरी होऊ लागली. मराठवाड्यातील बायाबापड्या ‘टाटाला नेलंय’ असे म्हणत, तेव्हा त्यात रोगाचे नाव न उच्चारण्याची सोय असे. जालन्याहून निघालेले आईबाप लहान रुळांच्या गाडीने मनमाडपर्यंत येत आणि तेथे गाडी बदलून मुंबई गाठत. पुढे मोठे रूळ आले आणि देवगिरी एक्स्प्रेसने एका रात्रीत दादर गाठता येऊ लागले. परळच्या पदपथावर बिऱ्हाड मांडून राहणाऱ्या अशा कुटुंबांसाठी २००६पासून सेंट ज्यूड संस्थेची निवासकेंद्रे झाली. परंतु माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत दूरदृष्टीची तारीख १९९१ ही आहे. त्या वर्षी टाटा रुग्णालयात डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने, उपचार संपून दोन वर्षे रोगमुक्त राहिलेल्या मुलांसाठी स्वतंत्र तपासणीकक्ष सुरू झाला. बरे झालेल्याला पुन्हा कशाला बोलवावयाचे, असे वाटण्याचा तो काळ होता. पण डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाचा परिणाम हृदयाच्या स्नायूवर वर्षानुवर्षांनी दिसू शकतो, मेंदूवरील किरणोपचारांनी वाढ खुंटू शकते, सिस्प्लॅटिनने श्रवणशक्ती मंदावू शकते, म्हणून रोग गेला तरी देखरेख आयुष्यभर हवी, हे तत्त्व त्या कक्षाने रूढ केले. पुढे २००९ साली इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने याच रोगमुक्त तरुणांनी ‘उगम’ हा आपला गट स्थापिला, आणि शिक्षण, नोकरी, विवाह व विमा यांविषयी ते स्वतःच बोलू लागले.

पैशाच्या बाजूने राज्याचे पाऊल १९९७ साली पडले. जीवनदायी आरोग्य योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास हृदय, मूत्रपिंड, मेंदू आणि कर्करोग अशा मोठ्या आजारांसाठी साहाय्य मिळू लागले, पण त्याचे स्वरूप अद्याप मंजुरीवर अवलंबून असलेल्या अनुदानाचेच होते. खरा पालट २ जुलै २०१२ रोजी आरंभलेल्या राजीव गांधी जीवनदायी योजनेने झाला; तीत कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचे विमासंरक्षण होते. पहिल्या आठ जिल्ह्यांत जालन्याचे नाव नव्हते. २१ नोव्हेंबर २०१३ला योजना राज्यभर झाली तेव्हा ते आले. त्यानंतर शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून निवडलेल्या चौदा जिल्ह्यांतील पांढरी शिधापत्रिका असलेल्या शेतकऱ्यांनाही तीत घेण्यात आले, आणि त्या यादीत मात्र जालना होता. ज्या सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा चढे, तोच सातबारा रुग्णालयाच्या खिडकीवर मुलाच्या औषधासाठी चालू लागला. २०१७ साली योजनेस महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, २०२० साली ती आयुष्मान भारतशी जोडली गेली, आणि २०२४च्या जुलैपासून शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातील सर्व कुटुंबांसाठी पाच लाखांपर्यंतचे संरक्षण लागू झाले. दरम्यान औरंगाबाद येथे २०१२ सालीच शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाल्याने मुंबईऐवजी उपचारांची वाटही पुष्कळ जणांसाठी तासा-दीड तासावर आली.

महात्मा फुले योजनेचा सर्व व्यवहार ज्या एका टेबलावर घडतो, ते अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राचे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचे, टेबल होय. त्यावर आईने पिशवीतून काढलेली शिधापत्रिका असते. तीत मुलाचे नाव ‘बाळू’ असे तलाठ्याने किंवा दुकानदाराने लिहिलेले, आधारकार्डावर ‘बालाजी’, आणि शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाची तिसरीच तऱ्हा. हा घोळ मूल दाखल होण्यापूर्वी तहसिलात जाऊन निस्तरला तर एका दुपारचे काम असते. दाखल झाल्यावर तोच घोळ जीव टांगणीला लावतो.

आणि तरीही, एवढ्या प्रवासानंतर, बरे झालेले मूल दोन व्यवस्थांच्या मधोमध राहून जाते. सरकारी योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. तीत काही पाठपुराव्याचे उपचार अंतर्भूत असले, तरी दहा वर्षांनंतरच्या वार्षिक तपासणीचा, हृदयाच्या इको चाचणीचा खर्च बहुधा घरूनच करावा लागतो. खासगी विम्याचा दरवाजा तर आणखी अरुंद. सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ साली मेडिक्लेम आणला तेव्हापासून पूर्वीचा आजार हा त्यातील सर्वांत अवघड शब्द राहिला आहे. २०१९च्या नियमांनी तर काही रोग, त्यांत कर्करोगही, कायमचे वगळून पॉलिसी देण्याची मुभा कंपन्यांना दिली. २०२४ साली विमा नियामकाने हे धोरण बरेच सैल केले: सर्व प्रकारच्या पूर्वरोगांच्या लोकांसाठी योजना असाव्यात असे सांगितले, पूर्वरोगाची प्रतीक्षामुदत छत्तीस महिन्यांहून अधिक असू नये असे ठरविले, आणि साठ महिने अखंड हप्ते भरलेल्या विमेदाराचा दावा, लबाडी सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याच्या सबबीवर नाकारता येणार नाही असा दंडक घातला. शिवाय पूर्वरोगाची व्याख्याच आता विम्याआधीच्या छत्तीस महिन्यांत झालेले निदान, मिळालेला सल्ला किंवा उपचार एवढ्यापुरती आहे. नवव्या वर्षी बरी झालेली आणि एकविसाव्या वर्षी विमा घेऊ इच्छिणारी मुलगी या व्याख्येत बसते की नाही, हे तिच्या कागदांवरून ठरते.

येथेच जुनी सवय आड येते. प्रस्तावपत्रात पूर्वीच्या आजाराचा रकाना येतो आणि ओळखीचा एजंट म्हणतो, ‘कशाला लिहिता दादा, नाही म्हणून टाका.’ विवाहाच्या वयातील मुलीचा बाप हे ऐकतो, कारण गावात तो आजार लपवून ठेवलेलाच असतो. हा सल्ला घातक आहे. दडवलेली गोष्ट पहिल्याच मोठ्या दाव्याच्या वेळी जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणावरून किंवा डॉक्टरांना सांगितलेल्या पूर्वेतिहासावरून उघडी पडते, आणि मग हप्तेही जातात व दावाही. उलट खरे लिहिले असता कदाचित हप्ता वाढतो, कदाचित मुदत लागते, एखादी कंपनी नाहीही म्हणते. पण जी पॉलिसी मिळते ती कामास येते.

खरे लिहावयाचे तर ते ठाऊक असावयास हवे, आणि मुलाला बहुधा ते ठाऊकच नसते. त्याला आपण लहानपणी ‘फार आजारी होतो’ एवढेच सांगितलेले असते. म्हणून उपचार संपताना रुग्णालयाकडून उपचारांचा गोषवारा मागून घ्यावा: रोगाचे नेमके नाव आणि निदानाची तारीख, कोणते औषध एकूण किती मात्रेत दिले, किरणोपचार शरीराच्या कोणत्या भागावर झाले, शस्त्रक्रिया कोणती, शेवटच्या औषधाची तारीख, आणि यापुढे कोणत्या तपासण्या किती वर्षांनी. हे एक-दोन पानांचे काम आहे. अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतून दिवाळीनंतर ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांनी तर त्याची प्रत जवळ बाळगावी. कोल्हापूरच्या फडावर मूल आजारी पडले तर तेथील डॉक्टरला तीच वाट दाखवील.

मोठ्या झालेल्या मुलांपुढे या जिल्ह्यात आणखी एक मार्ग आहे आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको स्थापन केल्यापासून जालना बियाण्यांचे शहर झाले, पुढे लोखंडी सळयांच्या गिरण्या आल्या. यांपैकी ज्या आस्थापनांना त्या १९४८च्या कायद्यातून आलेली राज्य कामगार विमा योजना लागू आहे, तेथे एकवीस हजारांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराची नोंद होताना पूर्वी कोणता आजार झाला होता हे विचारले जात नाही. ठेकेदाराकडे रोजंदारीवर राहण्यापेक्षा नोंदीतला कमी पगार अशा तरुणाला अधिक हितावह ठरेल, असे मला प्रांजळपणे वाटते.

आणि दावा नाकारला गेलाच, तर प्रथम कंपनीच्या तक्रारकक्षाकडे लेखी दाद मागावी. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा आलेले उत्तर न पटल्यास वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. लागते ते पॉलिसी, नकाराचे पत्र, उपचारांचा गोषवारा आणि प्रस्तावपत्राची नक्कल. ही नक्कल कंपनीकडून मिळण्याचा विमेदारास हक्क आहे. पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांत ती परत करण्याची मुभा असते; त्या मुदतीत घरातील वाचत्या माणसाने प्रस्तावपत्र उघडून, मुलाचा जुना आजार एजंटाने खरोखर नोंदविला आहे की नाही, तो रकाना पाहून घ्यावा.