पॅड बांधून थांबलेला अमोल

आमचे मामा दादरला वाढले आणि नोकरीच्या उत्तरार्धात नेरूळला सिडकोच्या घरात राहायला आले. संध्याकाळी बागेतल्या कट्ट्यावर परळ, गिरगाव, दादर सोडून आलेली त्यांच्या वयाची मंडळी जमत. गप्पा क्रिकेटच्याच, पण कसोटीपेक्षा कांगा लीग, टाइम्स शिल्ड आणि रणजीच्या जास्त. भारताची टोपी ज्यांना मिळाली नाही, अशा खेळाडूंवर या मंडळींचा विशेष जीव.

पहिलं नाव निघे पद्माकर ऊर्फ पॅडी शिवलकरचं. १९७२-७३ चा रणजी अंतिम सामना, चेपॉकची फिरकीला साथ देणारी खेळपट्टी, तमिळनाडूविरुद्ध पॅडीचे १६ धावांत ८ बळी आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५. हे आकडे मामा घरच्या माणसाचा वाढदिवस सांगावा तसे सांगत. भारतीय संघात डावऱ्या फिरकीची जागा बिशनसिंग बेदीची होती, म्हणून पॅडी एकही कसोटी खेळला नाही.

मग येई अमोल मुजुमदार. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची भागीदारी केली. त्यांच्यानंतर फलंदाजीला जायचं होतं तेरा वर्षांच्या अमोलला. प्रशिक्षक आचरेकर सरांचा हा विद्यार्थी पॅड बांधून बसून राहिला. त्याची पाळी आलीच नाही. पुढे फरिदाबादला हरियाणाविरुद्ध रणजी पदार्पणात त्याने २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीतल्या पदार्पणात तोवर जगात कुणी एवढ्या केल्या नव्हत्या. “आता हा भारताकडून खेळणार,” असं तेव्हा कट्ट्यावरच्या प्रत्येकाला वाटलं होतं. पण मधल्या फळीत सचिन होताच, मागोमाग द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण आले. दार उघडलं नाही.

मामांना सगळ्यात प्रिय होता २००६-०७ चा हंगाम. अमोल मुंबईचा कर्णधार आणि मुंबई पहिले तिन्ही सामने हरलेली. तिथून संघ सावरला. बडोद्याविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दुसऱ्या डावात धावफलकावर एकही धाव नसताना पाच गडी बाद झाले, तरी मुंबई जिंकली. वानखेडेवर बंगालला हरवून ३७ वं रणजी विजेतेपद आलं. त्या अंतिम सामन्यात अमोलच्या नेतृत्वाखाली सचिन खेळला आणि त्याने शतक काढलं. इथे मामा नेहमी क्षणभर थांबत आणि मग म्हणत, “कर्णधार कोण होता, लक्षात ठेव.”

नंतर अमोल आसाम आणि आंध्रकडून खेळला. १७१ प्रथम श्रेणी सामने, ३० शतकं, ११,१६७ धावा आणि एकही आंतरराष्ट्रीय सामना नाही. २०१४ मध्ये तो निवृत्त झाला, प्रशिक्षक झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला संघ त्याच्याकडे आला.

२ नोव्हेंबर २०२५ ला आमच्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये त्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिला विश्वचषक जिंकला. तीनच दिवस आधी याच मैदानावर उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावांनी ऑस्ट्रेलियाचं ३३९ चं लक्ष्य गाठलं होतं. अंतिम विजयानंतर कर्णधार हरमनप्रीत अमोलच्या पाया पडली, तेव्हा मला कट्ट्यावरची सगळी मंडळी आठवली.

या चषकाने अमोलच्या कारकिर्दीचं सार्थक झालं, असं पुष्कळांनी म्हटलं. मला ते पुरेसं वाटत नाही. रिकाम्या स्टँडसमोर वीस वर्षं काढलेल्या धावा चषक नसता आला तरी तेवढ्याच मोलाच्या होत्या. मुंबईचं क्रिकेट मोठं झालं ते कसोटीवीरांइतकंच अशा खेळाडूंमुळे. म्हणून एक विनंती आहे: येत्या हंगामात मुंबईचा एक तरी रणजी सामना मैदानात जाऊन बघा आणि घरातल्या मुलांनाही सोबत न्या.