प्रभूला सामोरे जाणे : तळटीप

थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र 4:15–17. मूळ ग्रीकमधील 'पारूसिया' या शब्दात उपस्थिती आणि राजाचे समारंभपूर्वक आगमन हे दोन्ही अर्थ असून 'अपांतेसिस' म्हणजे येणाऱ्याला वाटेत गाठून त्याचे स्वागत करणे. प्रेषितांची कृत्ये 28:15 मध्ये रोमहून अप्पियाच्या पेठेपर्यंत पौलाला भेटायला आलेल्या बंधूंसाठी हाच शब्द योजला आहे आणि पौलाचा पुढचा मुक्काम रोमच आहे. त्यामुळे विश्वासणारे महासंकटापूर्वी स्वर्गात नेले जातात, हा 19 व्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांनी प्रसृत केलेला अर्थ केवळ या शब्दावर उभा करणे धाडसाचे ठरते. ठाणे-कल्याणच्या वाचकांना यासाठी सीमांतपूजन आठवावे : वराला वेशीवर गाठायचे ते त्याला मांडवात आणण्यासाठी. सर्वसामान्यांना कळेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र यावे म्हणून पंडिता रमाबाईंनी केडगावी हिब्रू-ग्रीकचा कष्टाने अभ्यास करून बायबलचे भाषांतर सिद्धीस नेले.