संगणक उद्योगाचा प्रारंभकाळ आणि स्त्रियांचे मूल्याधिष्ठित नेतृत्व : सुधा मूर्ती यांच्या संदर्भात

प्रस्तावना : संगणक उद्योगाचा इतिहास बहुधा पुरुष संस्थापकांच्या नावांनी सांगितला जातो. वस्तुतः कॅलिफोर्नियात १९७६ साली लोर हार्प व कॅरोल इली यांनी व्हेक्टर ग्राफिक ही वैयक्तिक संगणक बनविणारी कंपनी नावारूपास आणली आणि १९८१ मध्ये तिचे समभाग खुल्या बाजारात आले. त्याच सुमारास पुण्यात घडलेला इतिहासही अभ्यसनीय आहे.

विवेचन : स्त्रियांनी अर्ज करू नयेत, अशी अट टेल्कोच्या १९७४ मधील जाहिरातीत होती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील विद्यार्थिनी सुधा कुलकर्णी (पुढे मूर्ती) यांनी जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड पाठवून तिचा निषेध केला. परिणामी टेल्कोतील पहिल्या महिला अभियंता म्हणून त्यांची नियुक्ती झाली. १९८१ मध्ये सात संस्थापकांनी पुण्यात इन्फोसिस स्थापन केली, तेव्हा सुधाताईंनी बचतीतील १०,००० रुपये पतीला भांडवलासाठी दिले. तथापि कुटुंबीयांना कंपनीत स्थान नको, या नारायण मूर्ती यांच्या तत्त्वामुळे त्या स्वतः बाहेर राहिल्या. हा आदर्शवाद चुकीचा होता, असे नारायण मूर्ती यांनी पुढे जाहीरपणे मान्य केले. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या इन्फोसिस फाउंडेशनचे नेतृत्व मात्र सुधाताईंनी २०२१ पर्यंत केले.

निष्कर्ष : घराणेशाही टाळण्याचे मूल्य जपले गेले, त्याची किंमत एका पात्र स्त्री अभियंत्याने मोजली. म्हणून मूल्याधिष्ठित नेतृत्वाचे मूल्यमापन करताना मूल्यांसाठी त्याग कोणाच्या वाट्याला आला, हेही तपासणे आवश्यक ठरते.