काशीवासी दांपत्याचा कार्तिक

आगगाडी होण्यापूर्वी महाराष्ट्रांतून काशीस जाणें म्हणजे महिनोगणती प्रवास. उतारवयांत निघालेलें जोडपें आप्तेष्टांचा अखेरचा निरोप घेऊनच उंबरठा ओलांडी. १८७० सालीं जबलपूर येथें दोन लोहमार्ग जोडले गेले, १८८७ मध्यें राजघाटास गंगेवर पूल झाला आणि तें अंतर थोड्या दिवसांवर आलें.

सेवानिवृत्त होऊन दुर्गाघाट वा ब्रह्मघाट येथील मराठी वस्तींत राहिलेल्या दांपत्यास कार्तिक शुद्ध नवमीपासून पौर्णिमेपर्यंतच्या सात दिवसांत उसंत नसे. पहाटे पंचगंगेवर स्नान, मग बिंदुमाधवाचें दर्शन. नवमीस आवळीपूजन, एकादशीस उपवास, द्वादशीस पारणें, पुढें तुळशीचें लग्न. वैकुंठ चतुर्दशीस विष्णूला बेल आणि शिवाला तुळस. पति पोथी वाची. पत्नी ऐकतां ऐकतां त्रिपुरीच्या वाती वळी. तिन्हीसांजेस घाटावर उंच वेळूंच्या टोंकांस आकाशदिवे चढत.

अशांत घरून पत्र येई: माघांत नातवाची मुंज आहे, दोघांनीं अवश्य यावें. परंतु क्षेत्रसंन्यास घेतलेल्यास काशीची सीमा ओलांडतां येत नसे. पूर्वीच्या वृद्धांना घर दूरच होतें. यांना तें आगगाडीच्या टप्प्यांत आलेलें दिसे. १८८० पासून मनीऑर्डरीनें आहेर पाठवितां येई, आशीर्वादहि टपालानें जाई. नातवाच्या डोक्यावर हात मात्र ठेवितां येत नसे. तिकीट काढणें शक्य असतां तें न काढणें, हाच त्या घरांतील सर्वांत कठीण नेम होता.