तीन सह्या आणि टॉवेलची गिरणी

आज गोष्ट टॉवेलची आहे. टॉवेल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सोलापूर येतं. तिथला टर्किश टॉवेल आपल्या न्हाणीघरात असतो, तसा तो बोटीत बसून परदेशीही जातो. आपला टॉवेल गेला की आपल्याला बरं वाटतं, वाटायलाच हवं. पण जिथं बाहेरचा टॉवेल उतरतो, तिथंही पूर्वी बायाच टॉवेल विणत होत्या, काठ शिवत होत्या, घड्या घालत होत्या. त्यांचं काम गेलं तेव्हा त्यांच्या सरकारनं काय केलं, ते आज सांगतो.

अमेरिकेत उत्तर कॅरोलिना नावाचं राज्य आहे. तिथं कॅनापोलिस हे गाव. कॅनन नावाच्या गिरणीमालकानं 1906 साली शेतजमीन घेऊन ते वसवलं. घरं गिरणीची, दुकानांच्या जागा गिरणीच्या. 1984 सालापर्यंत गावाला स्वतःची नगरपालिकासुद्धा नव्हती. आजी गिरणीत, आई गिरणीत, लेक गिरणीत, असं तीन-तीन पिढ्या चाललं. काळ्या बायांना मात्र यंत्रावर उभं राहायला 1964 चा नागरी हक्कांचा कायदा यावा लागला. त्याआधी गिरण्यांमध्ये काळ्या माणसांच्या वाट्याला झाडलोट आणि ओझ्याची कामं येत. म्हणजे त्यांच्या घरात गिरणीचा बरा पगार उशिरा आला, आणि गेला मात्र सगळ्यांच्या बरोबरच.

तो गेला 30 जुलै 2003 रोजी. तेव्हा गिरणी पिलोटेक्स नावाच्या कंपनीकडे होती. डोक्यावर कर्ज, बाजारात बाहेरचा स्वस्त माल. कंपनीनं एका दिवसात सगळे कारखाने बंद केले. सुमारे साडेसहा हजार माणसं घरी बसली, त्यांतली चार हजारांहून अधिक उत्तर कॅरोलिनातली. त्यांची युनियन 1999 साली, कितीतरी वेळा हरल्यावर, मतदानात जिंकून उभी राहिली होती. तिला चार वर्षंच मिळाली.

आता सरकारी मदतीकडे येऊ. ही मदत काही त्या दिवशी सुचलेली नव्हती. 1962 साली राष्ट्राध्यक्ष केनेडींनी व्यापाराचा कायदा केला. बाहेरच्या मालावरची जकात कमी करायची, म्हणजे देशाला फायदा होईल. पण त्यात ज्यांचं काम जाईल, त्यांना देशानं सांभाळायचं, भत्ता द्यायचा, नवं काम शिकवायचं. बोलणं न्यायाचं होतं. फायदा सगळ्यांचा, तर तोटाही सगळ्यांनी मिळून सोसावा.

पण पुढं काय झालं? 1969 सालच्या अखेरीपर्यंत एकाही कामगाराचा अर्ज मंजूर झाला नाही. सात वर्षं! अट अशी होती की जकात कमी केल्यामुळंच आयात वाढली आणि आयातीमुळंच मुख्यतः काम गेलं, हे दोन्ही सिद्ध करा. हे कोण सिद्ध करणार? युनियनवाले त्या योजनेला मयताचा विमा म्हणायला लागले. 1974 साली अट सैल झाली. आयात हे एक महत्त्वाचं कारण असलं तरी पुरे, असं ठरलं. 1980 साली पाच लाखांवर कामगारांना भत्ता मिळाला, त्यांत मोटारीच्या कारखान्यांतले जास्त. खर्च वाढला तसा लगेच 1981 साली रेगन सरकारनं हात आखडता घेतला. 1988 पासून भत्ता हवा तर प्रशिक्षण घ्यायलाच हवं, असा नियम आला.

आमच्या बैठकीत ही गोष्ट निघाली तेव्हा सगळ्या जणी एका मुद्द्याशी थांबल्या. तो अर्ज करायला कंपनीची परवानगी लागत नव्हती. युनियन नसली तरी चालत होतं. एका कारखान्यातल्या कुठल्याही तीन कामगारांनी सह्या केल्या की अर्ज दाखल. चौकशी करायचं काम सरकारी खात्याचं. कंपनीचे विक्रीचे आकडे, तिच्या गिऱ्हाइकांनी बाहेरून किती माल घेतला, हे सगळं खातं मागवणार. आणि मंजुरी मिळाली की ती त्या तिघींपुरती नसे, कारखान्यातल्या सगळ्यांना लागू होई. बचत गट चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही ताकद वेगळी सांगायला नको.

पिलोटेक्सच्या कामगारांना मंजुरी मिळाली. पण खरी कसरत तिथून पुढं. गिरणीत घेताना कुणी शाळेचा दाखला मागितला नव्हता. हात चालला की झालं. त्यामुळं कितीतरी जणींची शाळा अर्धवट सुटलेली होती. नवीन काम मागायला गेलं की पहिला प्रश्न शिक्षणाचा. दोन हजारांवर माणसं तिथल्या सरकारी कॉलेजात गेली, आणि बऱ्याच जणांना आधी शाळेचीच परीक्षा द्यावी लागली. नातवंडं शाळेत जायच्या वयाची, आणि आजी अपूर्णांक शिकतेय. आमच्यातली एक जण म्हणाली, मला तर हे आवडलं असतं. दुसरी म्हणाली, घरात चूल थंड असताना कसले अपूर्णांक? दोघींचंही खरं आहे.

आणि मुदती! मंजुरीपासून 8 आठवडे किंवा काम सुटल्यापासून 16 आठवडे, यांतली जी तारीख नंतर येईल तिच्या आत प्रशिक्षणाला नाव घाला, नाहीतर सवलतीची चिठ्ठी आणा. तेही चुकलं तर भत्ता बंद. योजनेची मुदत संपल्यावर योजना कळते, हे आम्हीही सोसलंय.

2002 च्या कायद्यानं पन्नाशीपुढच्यांसाठी आणखी एक वाट काढली होती. काम सुटल्यापासून 26 आठवड्यांत कमी पगाराचं नवं काम धरलं, तर जुन्या-नव्या पगारातला अर्धा फरक सरकार दोन वर्षं देणार, जास्तीत जास्त 10 हजार डॉलर. समजा आधी वर्षाला 24 हजार मिळत होते, आता 16 हजार मिळतात. फरक 8 हजारांचा, त्यातले 4 हजार सरकारचे. ऐकायला बरं. पण शिकायला बसलं तर 26 आठवडे निघून जातात, आणि काम धरलं तर शिकणं राहतं. पन्नाशीच्या बाईनं हा निर्णय काही आठवड्यांत घ्यायचा, तोही घरात औषधपाण्याचा खर्च चालू असताना.

औषधपाण्याचं सांगायलाच हवं. तिथं दवाखान्याचा विमा बहुतेक नोकरीला बांधलेला असतो. गिरणी गेली, विमा गेला. नव्या कायद्यानं विम्याच्या हप्त्यातले 65 टक्के सरकार देणार होतं. पण पगार बंद झालेल्या घरानं उरलेले 35 टक्के आणायचे कुठून? देशभरात फार थोड्या लोकांना ती सवलत परवडली.

शिवाय गिरणीच्या फाटकासमोर खानावळ चालवणारी, कामावर जाणाऱ्या बायांची पोरं सांभाळणारी, यांचं कामही त्याच दिवशी गेलं. त्यांच्यासाठी अर्जच नव्हता. आम्हाला विचाराल तर या योजनेतलं सगळ्यात मोठं भगदाड हेच.

मग योजना वाया गेली का? तसंही नाही. 2012 साली सरकारसाठी झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की चार वर्षांनंतरही योजनेतले लोक बाहेरच्यांपेक्षा कमी कमवत होते, आणि वयस्करांचं जास्त बिघडलं होतं. पुढं दहा वर्षांची कमाई मोजणाऱ्या दुसऱ्या एका अभ्यासात मात्र शिकलेल्यांचा फायदा दिसला. आम्ही यातून एवढंच समजलो, की शिक्षणाचं फळ यायला वेळ लागतो आणि साठीकडे झुकलेल्या बाईकडे तो वेळ नसतो. तिला रोख आधार हवा होता.

कॅनापोलिसची ती मोठी गिरणी पुढं पाडली. त्या जागेवर आता संशोधनाच्या प्रयोगशाळा आहेत. कॅनन हे नाव विकलं गेलं आणि दुसऱ्या देशांत विणलेल्या टॉवेलांवर लागलं. आणि ती योजना? तिची मुदत अमेरिकेच्या संसदेनं वाढवली नाही, म्हणून 1 जुलै 2022 पासून नव्या अर्जांची चौकशी थांबली. ज्यांना आधी मंजुरी मिळाली होती त्यांचंच तेवढं चालू राहिलं. त्यानंतर बंद पडलेल्या कारखान्यातल्या तिघींनी सह्या करून अर्ज धाडला, तर त्यावर निर्णय द्यायचा अधिकार त्या खात्याकडे उरला नव्हता.