मार्क आणि गुण

निकालाच्या दिवशी आमच्या वर्धा जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात जा; ज्या म्हातारीला अक्षरओळख नाही, तीही नातवाला विचारते, "मार्क किती पडले रे बाबू?" डाग पडतो, वण पडतो, तसे हे मार्क 'पडतात'. गुण मात्र पडत नाहीत, ते मिळतात. भाषेने हा भेद उगीच ठेवलेला नाही.

जुन्या इंग्रजीत 'मार्क' म्हणजे शीव, हद्द. 'डेन्मार्क' या देशनामात तो अर्थ अजून टिकून आहे. फारसीतला सीमावाचक 'मर्ज' आणि 'मार्जिन' ज्यातून आला तो लॅटिन शब्द, ही त्याचीच भावंडे. हद्दीवर दगड रोवावा, झाडावर घाव घालावा, म्हणून मार्क म्हणजे खूण झाली. आणि त्या खुणेचा पुढे शाळेत आकडा झाला. आमच्या बोलीत सांगायचे तर मार्क म्हणजे धुरा! धुऱ्याच्या वीतभर मातीपायी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात, हे इकडे कोणाला सांगावयास नको.

'गुण' या संस्कृत शब्दाचा एक जुना अर्थ आहे दोरी, सूत, दोरीचा पदर. धनुष्याची दोरीही गुणच. पदरावर पदर चढला की द्विगुण, त्रिगुण. त्यातूनच आपला गुणाकार. एक शब्द तोडणारा, दुसरा वळणारा, जोडणारा.

योगायोग असा की, सुतावरून शिक्षणाचा विचार झाला तो वर्ध्यातच. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली येथे शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून आणि हातच्या उद्योगाभोवती गुंफलेले असावे, असे तिने ठरविले. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रमात टकळी आणि चरखा आणला. प्रचलित परीक्षापद्धतीवर तर तिने कडक ताशेरे ओढले. त्याऐवजी निवडक मुलांची नमुन्यादाखल तपासणी करून शाळांचेच काम पारखावे, असे सुचविले. म्हणजे पारख व्हायची ती शाळेची!

ते बाजूला राहिले. पस्तिसांचा धुरा मात्र कायम आहे. मास्तर या नात्याने मी तो दरवर्षी पाहतो. चौतीसवाला अलीकडे, पस्तीसवाला पलीकडे. दोघांच्या बुद्धीत अंतर ते काय? पण अलीकडच्याचे पुस्तक माळ्यावर जाते आणि हाती वखर येतो. वखर धरणे कमीपणाचे नव्हे. पण तो शिक्षा म्हणून हाती यावा, हे वाईट.

गुणपत्रिकेवर आपण शब्द सुताचा छापतो, आणि कामाला लावतो तो धुऱ्याचा.